काकू, अनुमान आणि यंत्र : भावनिर्णयाच्या इतिहासाची एक बाजू

१

मराठी साहित्यविचारात 'भाव' या संज्ञेइतकी चर्चिली गेलेली संज्ञा क्वचितच असेल. तथापि ज्या एका क्षेत्रात या संज्ञेचा व्यवहार आज रोजच्या रोज चालू आहे, त्याची दखल आपल्या समीक्षेने पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. हे क्षेत्र संगणकशास्त्राचे आहे. बोलणाऱ्याचे शब्द, त्याचा आवाज आणि त्याचा चेहरा या तिन्हींची एकत्रित नोंद घेऊन त्याच्या मनातील भाव अनुकूल आहे, प्रतिकूल आहे की तटस्थ आहे, याचा निर्णय यंत्राकरवी करून घ्यावयाचा, असे या प्रयत्नाचे स्वरूप आहे. त्यासाठी यंत्राला व्याकरणासारखे नियम दिले जात नाहीत. माणसांनी आधी खुणा करून ठेवलेले हजारो नमुने त्याच्यापुढे ठेवले जातात आणि त्यांतून शब्द, स्वर व मुद्रा यांचा त्या खुणांशी असलेला संबंध ते आपल्यापुरता बांधत जाते. यालाच यंत्र-अध्ययन, म्हणजे मशीन लर्निंग, असे म्हणतात.

या तंत्राचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. शब्द, स्वर आणि देह या तीन साक्षींवरून दुसऱ्याच्या मनातील भाव कसा कळतो, हा प्रश्न आपल्या काव्यशास्त्राने फार पूर्वी उपस्थित केला होता, त्यावर वाद घातला होता आणि त्या वादातील काही महत्त्वाची स्थळे हिंगोली जिल्ह्याच्या आसपासच्या भूमीशी निगडित आहेत. त्या जुन्या वादाच्या प्रकाशात नव्या यंत्राकडे पाहिले असता त्याचे सामर्थ्य कोठे आहे आणि त्याची चूक नेमकी कोठे होण्याचा संभव आहे, हे अधिक स्पष्ट होते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

२

या इतिहासाचा आरंभ भरताच्या 'नाट्यशास्त्रा'पासून करणे क्रमप्राप्त आहे. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. आठ स्थायी, तेहेतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक अशी एकूण एकोणपन्नास भावांची गणना त्याने केली. सात्त्विक भावांची यादी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय या आठांपैकी स्वरभंग कानाने कळतो. वैवर्ण्य, अश्रू आणि वेपथू डोळ्यांनी दिसतात. म्हणजे मनातील एकाच हालचालीच्या खुणा निरनिराळ्या इंद्रियांच्या वाटेने प्रेक्षकापर्यंत येतात, ही जाणीव या गणनेतच आहे.

भरत येथेच थांबत नाही. रस, स्थायी आणि संचारी यांच्या अनुरोधाने तो छत्तीस दृष्टी सांगतो. वाचिकाच्या विवेचनात तो उर, कंठ आणि शिर ही तीन स्थाने, तसेच उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित हे सहा पाठ्यालंकार सांगतो. हास्य आणि शृंगाराला मध्यम व पंचम, करुणाला गांधार व निषाद, अशी स्वरांची वाटणीही करतो. आजचे यंत्र आवाजातून जे वेगळे काढते, ते स्वराची उंची, जोर आणि गती हेच असते. चेहऱ्याच्या बाबतीतही असेच दिसते. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची एक सांकेतिक व्यवस्था सिद्ध केली आणि यंत्राच्या दृश्यविचाराचा बराचसा भाग पुढे तिच्यावर उभा राहिला. म्हणून गणना, वर्गीकरण आणि खुणांची यादी या गोष्टी साहित्याला मुळातच परक्या आहेत, अशी तक्रार भरताच्या वारसांना करता येणार नाही.

३

भरताने वाचिकाच्या प्रकरणात 'काकू'चा विचार केला आहे. काकू म्हणजे अभिप्राय बदलणारा स्वराचा हेल. शब्द तेच राहतात, परंतु उच्चारातील वळणामुळे विधानाचा प्रश्न होतो, होकाराचा नकार होतो, स्तुतीची निंदा होते. नवव्या शतकात रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती असे दोन प्रकार मानून काकूला शब्दालंकारांत स्थान दिले. त्याला राजशेखराने 'काव्यमीमांसे'त हरकत घेतली. काकू हा अभिप्राययुक्त पाठाचा, म्हणजे वाचनाचा धर्म आहे. मग तो अलंकार कसा ठरेल, असा त्याचा प्रश्न आहे.

हा वाद वरवर पाहता पारिभाषिक वाटतो. वस्तुतः त्यात एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे : भाव संहितेत असतो की तिच्या उच्चारात? राजशेखराचा पक्ष मान्य केला, तर केवळ लिखित शब्दांवरून भावाचा निर्णय करणाऱ्या प्रत्येकाने आपल्यापुढे मूळ वस्तूचा एक अंशच आहे हे कबूल करावे लागते. ज्याचा पणजोबा अकालजलद 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून गौरविला गेला, त्या राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाल्याची कथा याच ग्रंथात सांगितली आहे. वत्सगुल्म म्हणजे हिंगोली जिल्ह्याला उत्तरेकडून लागून असलेले आजचे वाशीम होय.

दुसरे स्थळ गोदावरीकाठचे आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'तील एका गाथेत एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला आता निर्धास्त फिरायला सांगते; कारण ज्या कुत्र्याचे त्याला भय वाटत होते, त्याला गोदावरीकाठच्या कुंजात राहणाऱ्या सिंहाने ठार केले आहे. शब्द परवानगीचे आहेत. अभिप्राय मात्र त्याने त्या बाजूला मुळीच फिरकू नये, असा आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त ही गाथा वाच्यार्थ विधिरूप आणि व्यंग्यार्थ निषेधरूप असल्याचे उदाहरण म्हणून घेतली आणि त्यानंतर काव्यशास्त्रातील एक दीर्घ वाद तिच्याभोवती फिरत राहिला.

अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त ध्वनी नावाची स्वतंत्र शक्ती मानण्याचे कारण नाही, असे प्रतिपादन केले. त्याच्या मते येथे जे घडते ते निव्वळ अनुमान आहे. भित्रा मनुष्य भयाचे कारण नसेल तेथेच फिरतो. येथे सिंह आहे. म्हणून त्याने फिरू नये, असा निष्कर्ष निघतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त याला दिलेले उत्तर आजही मननीय आहे. भित्रा मनुष्यदेखील गुरूच्या किंवा धन्याच्या आज्ञेने, प्रियेच्या ओढीने भयाच्या जागी जातो. तेव्हा हेतू अनैकान्तिक ठरतो. कुत्र्याला टाळणारा एखादा वीर सिंहाला भिणार नाही. तेव्हा तो विरुद्ध ठरतो. शिवाय सिंह तेथे आहे हे कोणी पाहिलेले नाही, ते केवळ त्या स्त्रीच्या शब्दांवरून कळते, आणि शब्द खरा असतोच असा नियम नाही. तेव्हा हेतू असिद्धही ठरतो. खुणेवरून भावाकडे जाणारी वाट पक्क्या व्याप्तीची नसते, हे मम्मटाच्या या उत्तराचे सार म्हणता येईल.

४

अनुमानाचा पक्ष महिमभट्टाच्याही आधी रसविचारात मांडला गेला होता. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसाची निष्पत्ती होते, या भरताच्या सूत्राचा अर्थ लावताना श्रीशंकुकाने 'निष्पत्ती' म्हणजे अनुमिती असे म्हटले. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त त्याच्या मताचा अनुवाद केला, म्हणून ते आपल्याला ज्ञात आहे. नटाच्या ठिकाणी दिसणाऱ्या खुणा या लिंग होत आणि त्यांवरून प्रेक्षक स्थायी भावाचे अनुमान करतो. चित्रातला घोडा खरा नाही हे ठाऊक असूनही आपण त्याला घोडा म्हणतो, तशीच ही प्रतीती असते.

आजच्या यंत्राचे कार्य श्रीशंकुकाच्या या भूमिकेशी विलक्षण जुळते. यंत्राला भाव होत नाही. त्याच्यापुढे खुणा येतात आणि त्या खुणांवरून ते भावाचे अनुमान करते. आक्षेपही जुनाच आहे. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतोत यांनी म्हटले की, नटाचा देह, रोमांच, गद्गद स्वर, भुवयांचे चढणे, कटाक्ष या गोष्टी जड आहेत, निरनिराळ्या इंद्रियांनी ग्राह्य आहेत, त्यांचे अधिष्ठान वेगळे आहे. चित्तवृत्ती मात्र यांपैकी काहीच नाही. यांतील कोणत्याही एकाला अथवा सर्वांच्या बेरजेला रती म्हणता येत नाही. निरनिराळ्या इंद्रियांच्या साक्षी एकत्र कशा आणावयाच्या, हा आज संगणकशास्त्रज्ञांना पडलेला प्रश्नच येथे आक्षेपाच्या रूपाने मांडला गेला आहे.

मात्र या आक्षेपाचा विनियोग करताना सावधगिरी बाळगावयास हवी. अभिनवगुप्ताचा विरोध नाट्यातील आस्वादाला अनुमान म्हणण्याला आहे. लौकिक व्यवहारात आपण कारणे, कार्ये आणि सहचारी खुणा पाहून दुसऱ्याच्या चित्तवृत्तीचे अनुमान करतो, हे तो नाकारत नाही. उलट अशा अनुमानाच्या सरावाने ज्याला पाटव आले आहे, तोच नाट्याचा अधिकारी प्रेक्षक होतो, असे त्याचे मत आहे. म्हणजे लौकिक भावाचे सरावाने अनुमान करणे एवढेच जर यंत्राचे काम असेल, तर परंपरेला त्यावर तत्त्वतः हरकत घेता येणार नाही. प्रश्न उरतो तो असा की, माणसांचे रोजचे बोलणे सर्वस्वी 'लौकिक' असते काय? त्यात काकू, वक्रोक्ती आणि नाट्य यांचा अंश किती असतो?

५

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी या तीन साक्षी एकमेकींपासून कशा सुटल्या, हे पाहणे आवश्यक आहे. कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तेथून फार दूर नसलेल्या औंढा नागनाथ येथे त्यांची विसोबा खेचरांशी भेट झाल्याची कथा आहे. त्याच देवळासमोर नामदेवांच्या कीर्तनाला मज्जाव झाला, तेव्हा ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशीही कथा सांगतात. नंदी मागच्या बाजूला राहिला, याचे स्पष्टीकरण लोक या कथेने देतात. कथेची ऐतिहासिकता हा येथील विषय नाही. ऐकणाऱ्याने आपली जागा बदलल्याशिवाय काही आवाज ऐकूच येत नाहीत, हा अनुभव लोकमानसाने या कथेत साठविला आहे, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे.

कीर्तन हा शब्द, स्वर आणि देह यांचा एकत्र व्यापार आहे. त्यातील शब्द कीर्तनकारांच्या बाडांतून टिकले. क्रिस्टियन नोव्हेत्स्के यांनी नामदेवपरंपरेवरील आपल्या २००८ मधील ग्रंथात या बाडांचे स्वरूप तपासले आहे. बाड हे पुस्तक म्हणून वाचण्यासाठी नसून प्रयोगाला आधार म्हणून असते, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे. बाडातील अभंगाला हेल, विराम आणि हातवारे पुन्हा मिळतात ते कीर्तनकार उभा राहिल्यावर. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथाच्या परंपरेतून, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबात, आलेली नामदेवांची एकसष्ट पदे रागांनुसार लावलेली आहेत. तेथे निदान स्वराची एक दिशा संहितेने जपली. १९७० साली महाराष्ट्र शासनाने काढलेल्या नामदेव गाथेसारख्या मुद्रित ग्रंथात मात्र आपल्यापुढे मुख्यतः शब्दच येतात.

मुद्रणाने शब्द वेगळा केला, तसा विसाव्या शतकाच्या आरंभी ध्वनिमुद्रिकेने आवाज वेगळा केला आणि १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ने बोलक्या शब्दाविना देह पडद्यावर आणला. या तिन्ही साक्षी मराठीपुरत्या एका टिकाऊ माध्यमात पुन्हा एकत्र आल्या त्या १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात. संग्रहाच्या क्षेत्रात हे एकत्रीकरण बरेच उशिरा झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून जमविलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या आधी कागदावर आल्या, त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण नव्वदच्या दशकात झाले आणि अलीकडच्या काळात काही गाणाऱ्या बाया चित्रफितींतूनही दिसू लागल्या. या संग्रहाचे वर्गीकरण ओवीच्या आशयानुसार केलेले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ओवी 'सुखाची' की 'दुःखाची', असा एकेरी निवाडा तेथे केला गेला नाही.

६

यंत्राचा इतिहास याच्या अगदी उलट दिशेने गेला. तेथे आरंभच निवाड्याने झाला. बो पँग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी २००२ मध्ये इंग्रजी चित्रपट-परीक्षणे अनुकूल की प्रतिकूल, हे यंत्राकडून ठरवून घेतले. परीक्षणकार आधी अपेक्षा उभारतो आणि शेवटी ती मोडतो तेव्हा यंत्र फसते, हे त्यांनी स्वतःच नोंदविले होते. त्याआधी १९९७ मध्ये रोझलिंड पिकार्ड यांच्या ग्रंथाने भावनांचे संगणन हे अभ्यासक्षेत्र म्हणून पुढे आणले होते. २०११ मध्ये लुई-फिलिप मोरेन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूट्यूबवरील सत्तेचाळीस चित्रफिती घेऊन शब्द, आवाज आणि दृश्य या तिन्हींच्या आधारे मतांचा कल ठरविण्याचा प्रयत्न केला. २०१६ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातून आलेल्या 'मोसी' या नमुनासंचात ९३ चित्रफितींचे २,१९९ तुकडे होते आणि प्रत्येकाला उणे तीन ते अधिक तीन या मापावर अंक दिला होता. २०१८ चा 'मोसेई' हा संच तेवीस हजारांहून अधिक तुकड्यांचा होता.

मराठीची वाटचाल शब्दांच्या वाटेने झाली. मुंबईच्या आयआयटीतील बालमुरली, जोशी आणि भट्टाचार्य यांनी २०१२ मध्ये हिंदी आणि मराठी शब्दजालांच्या दुव्यांवरून एका भाषेत शिकलेला भावनिर्णय दुसऱ्या भाषेत नेऊन पाहिला. २०२१ मध्ये पुण्यातील 'एलथ्रीक्यूब' या गटाने सुमारे सोळा हजार मराठी ट्वीटना अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ अशा खुणा केल्या. २०२३ मध्ये त्याच गटाने सुमारे साठ हजार नमुन्यांचा दुसरा संच प्रसिद्ध केला. अपुरी साधने असलेल्या भाषेसाठी हे कष्टाचे आणि उपकारक काम आहे, यात शंका नाही. या दुसऱ्या संचातील एक विभाग मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्यात दूरचित्रवाणी मालिकांची उपशीर्षके घेतलेली आहेत. म्हणजे जो संवाद एका नटाने विशिष्ट हेल आणि मुद्रेसह उच्चारला होता, त्याचे शब्द तेवढे येथे उरले आणि त्यांवर भावाची खूण करण्यात आली. बाडातल्या अभंगासारखीच ही स्थिती आहे. फरक इतकाच की, बाडाला आपण अपुरे आहोत याची जाणीव होती.

७

तेव्हा शब्दाला आवाज आणि चेहरा जोडला की प्रश्न सुटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तो काही अंशी सुटतोही. परंतु साक्षी जोडावयाच्या म्हणजे काय करावयाचे, याविषयी दोन वेगळ्या कल्पना संभवतात.

पहिली कल्पना भौतिकशास्त्रातील आहे. औंढा नागनाथ तालुक्यात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन वेधशाळांना १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रथम जाणवली, तेव्हा ती दोन्हीकडे जवळजवळ एकाच क्षणी उमटली, म्हणून खरी मानली गेली. एका ठिकाणी जाणवले आणि दुसरीकडे नाही, तर तो स्थानिक गोंगाट समजावयाचा. साक्षींचा संवाद हाच येथे सत्याचा निकष आहे, आणि निसर्गाच्या बाबतीत तो उचितच होय.

मानवी उक्तीच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने सेनगाव तालुक्यातील आपल्या आजीचे बोलणे बोलीच्या अभ्यासासाठी ध्वनिचित्रमुद्रित केले. पुण्याहून बऱ्याच महिन्यांनी आलेल्या नातवाला म्हातारी दारातच म्हणाली, "आलास का रं मुडद्या? आजीची याद आली व्हय आता?" विद्यार्थिनीने हे वाक्य लिहून एका भावनिर्णयाच्या यंत्राला दिले. उत्तर अर्थातच 'प्रतिकूल' असे आले. चित्रफीत पाहिली तर आवाज चढलेला आहे, ओठांवर हसू आहे आणि डोळ्यांत पाणी आहे. शब्द शिवीचा, स्वर तक्रारीचा, हसू स्वागताचे, पाणी विरहाचे. या चारींना अंक देऊन त्यांची सरासरी काढली, तर ती शून्याच्या आसपास येईल आणि त्या मापावर शून्याचा अर्थ 'तटस्थ' असा होतो. ज्या वाक्यात वर्षभराचे दुखणे आणि माया एकत्र दाटली आहे, ते वाक्य भावशून्य ठरावे, याहून मोठा अनर्थ कोणता?

येथे मर्ढेकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले. साक्षींची बेरीज करणारे यंत्र संवाद जाणते. विरोध हा त्याच्या लेखी दोष अथवा गोंगाट असतो. म्हातारीच्या वाक्याचा प्राण मात्र विरोधात आहे. काकूचा जुना विचार हेच सांगत होता : स्वर शब्दाला दुजोरा देण्यासाठीच येतो असे नाही, तो शब्दाला उलटविण्यासाठीही येतो.

संगणकशास्त्रज्ञांना हे उमगलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ मध्ये उपरोध ओळखण्यासाठी इंग्रजी मालिकांमधील ६९० चित्रफितींचा एक संच तयार झाला. एकेका साक्षीपेक्षा तिन्ही एकत्र घेतल्यास सापेक्ष चूक १२.९ टक्क्यांपर्यंत घटते, असे त्यात आढळले. शब्द आणि स्वर यांतील विसंगती हीच तेथे खूण मानली गेली. २०२१ मध्ये 'साराभाई व्हर्सेस साराभाई' या मालिकेच्या हिंदी-इंग्रजी मिश्र संवादांवर याच प्रकारचे काम झाले. तेव्हा विरोध यंत्राला मुळातच अगम्य आहे, हा पक्ष टिकणारा नाही. त्याला विरोध शिकविता येतो. पण तो कोण शिकविणार?

८

या प्रश्नापाशी साहित्यसमीक्षेचा या विषयाशी खरा संबंध येतो. यंत्राला भाव शिकविणारा, नमुन्यावर खूण करणारा माणूस कोण असतो? 'मोसी' संचात प्रत्येक तुकड्यावर इंटरनेटवरील पाच कामकऱ्यांनी अंक दिले आणि त्यांची सरासरी घेण्यात आली. अभिनवगुप्ताच्या परिभाषेत हे पाच जण त्या नमुन्याचे 'सहृदय' होत. काव्याच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे आणि वर्ण्य विषयाशी जो तन्मय होऊ शकतो, तो सहृदय, अशी अभिनवगुप्ताची अपेक्षा होती. यंत्राच्या व्यवहारात या अपेक्षेची जागा उपलब्धतेने घेतली आहे. खूण करणे हा अर्थनिर्णय आहे, म्हणजे तत्त्वतः समीक्षेचे कार्य आहे. परंतु ते यांत्रिक पूर्वतयारी समजून केले जाते.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही गोष्ट केवळ सैद्धांतिक राहत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा मराठवाडी आणि वऱ्हाडी यांच्या सीमेवर आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दखनी उर्दूचा हेल येथल्या मराठीत मुरलेला आहे. बंजारा आणि आंध समाजाची मराठी आपली वेगळी चाल घेऊन येते. येथे चढ्या आवाजात बोलणे म्हणजे रागावणे नव्हे आणि 'मुडद्या' ही सर्वत्र शिवी नव्हे. ज्याच्या कानाला हा हेल परका आहे, त्याने प्रामाणिकपणे केलेली खूणही चुकीची ठरू शकते. आणि यंत्र ती चूक गणिताच्या अधिकाराने हजारो वेळा पुन्हा करील. एखाद्याची तक्रार, मुलाखत अथवा साक्ष अशा यंत्रापुढे गेली, तर त्याच्या बोलीचा ठसका हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा व्हावयाचा.

चेहऱ्याची साक्षही निर्णायक नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या विषयावरील संशोधनाचा विस्तृत आढावा घेऊन, रागावलेली माणसे कपाळाला आठ्या घालतात ती सुमारे ३० टक्के वेळाच, आणि आठ्या इतर अनेक कारणांनीही पडतात, असे दाखविले. मम्मटाच्या भाषेत हेतू अनैकान्तिक आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्याने कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, चेहरा-आवाजासारख्या शारीर खुणांवरून भावना ताडणाऱ्या यंत्रांना मनाई केली आणि ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. अनुमानाच्या दुर्बलतेची अशी कायदेशीर दखल घेतली जावी, ही घटना काव्यशास्त्राच्या अभ्यासकानेही नोंदवून ठेवावी अशी आहे.

मनाई हे मात्र अर्धेच उत्तर आहे. मराठीचे बोलते नमुने आज ना उद्या जमविले जाणार, त्यांवर खुणा केल्या जाणार. ते काम होताना आपल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी बाजूला उभे राहून चालणार नाही. खूण करणाऱ्यांत त्या त्या बोलीचा माणूस असावा. खूण करणाऱ्यांत मतभेद झाला, तर तो सरासरीत बुडवू नये, पाठभेदाप्रमाणे नोंदवावा. शब्द, स्वर आणि मुद्रा यांच्या खुणा आधी वेगवेगळ्या कराव्यात आणि त्यांच्यातील विरोध ही स्वतंत्र नोंद मानावी. बोलणारा कोणाशी, कोणत्या नात्याने बोलत आहे, हे प्रत्येक नमुन्यासोबत असावे. आणि ज्या म्हातारीचा आवाज आणि चेहरा आपण घेणार, तिची संमती तिला समजेल अशा भाषेत घेतली जावी. पाठचिकित्सा, बोलीविज्ञान आणि रसचर्चा यांचे जे शिक्षण आपण देतो, त्याचा याहून प्रत्यक्ष उपयोग शोधूनही सापडणार नाही.

श्रीशंकुकाचा पक्ष रसविचारात मागे पडला, तो अनुमान निरुपयोगी म्हणून नव्हे. त्याने पाहणाऱ्याचा विचार अपुरा केला, म्हणून तो मागे पडला. यंत्राच्या बाबतीतही विचार करावयाचा तो पाहणाऱ्याचाच. खुणांची यादी भरताइतकी किंवा त्याहून मोठी करता येईल. परंतु त्या खुणा कोणाच्या कानाने आणि कोणाच्या डोळ्यांनी ठरविल्या, हे ज्या संचात लिहिलेले नसेल, त्याच्या निर्णयावर मराठीच्या अभ्यासकाने विश्वास ठेवू नये. सेनगावच्या त्या चित्रफितीवर कोणती खूण करावी, असे मी त्या विद्यार्थिनीला विचारले होते. तिने खूण केली नाही. वाक्याखाली 'बऱ्याच महिन्यांनी आलेल्या नातवाला उद्देशून' एवढी ओळ लिहिली. नमुनासंचाची मराठी रीत घडवावयाची असेल, तर तिचा आरंभ या ओळीपासून करता येईल असे वाटते.